पायरी दिसली पाहिजे

आमच्या ह्यांना गल्लीत कुणी नावाने हाक मारत नाही. काजवा म्हणतात. तोंडावर काजवा मिस्त्री, पाठीमागे नुसतं काजवा. लोकांच्या घराबाहेरचे दिवे लावणं हा ह्यांचा धंदा. अंगण, परस, गच्ची, फाटकापासून दारापर्यंतची वाट. घरातलं वायरिंग येत नाही असं नाही, पण त्यात ह्यांचा जीव रमत नाही. आत काय, बटण दाबलं की खोली दिसते, त्यात अक्कल कसली, असं त्यांचं म्हणणं. बाहेरचा अंधार मोठा असतो, तो सगळा घालवायचा नसतो, पाय ठेवण्यापुरता बाजूला करायचा असतो. हे वाक्य मी लग्नानंतर इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेतून उठवलंत तरी म्हणून दाखवीन.

काजवा हे नाव पडलं ते कामाच्या पद्धतीवरून. नवीन काम आलं की पहिल्या संध्याकाळी हे हात हलवत जायचे. टेप नाही, दिवा नाही, काही नाही. दिवस मावळायच्या बेताला गिऱ्हाइकाच्या परसात एखादी बादली उलटी घालून बसायचे आणि अंधार पडू द्यायचे. घरातल्यांना सांगायचे, तुम्ही रोजच्यासारखे वागा, मी इथे नाहीच असं समजा. मग कोण वाळत घातलेले कपडे काढायला येतं, कोण कचरा टाकायला जातं, कुणाचं पाऊल कुठे अडखळतं, कुठे पोचल्यावर माणूस आपोआप हात पुढे करतो, ते सगळं बघून ठेवायचे. दुसऱ्या संध्याकाळी काठ्यांना बांधलेले छोटे दिवे घेऊन जायचे. काठी इथे रोव, तिथे रोव, दिवा लाव, विझव, पुन्हा लाव. शेजाऱ्यांना लांबून एवढंच दिसायचं की अंधारात काहीतरी लुकलुकत फिरतंय. झालं, नाव पडलं.

गिऱ्हाइकं आधी वैतागायची. अहो, दिवे लावायला बोलावलंय, अंधार बघायला नाही, असं एकदोघांनी तोंडावर सुनावलंसुद्धा. पण काम झालं की तीच माणसं आपल्या मेहुण्याला, साडूला ह्यांचा नंबर द्यायची. ह्यांनी लावलेला दिवा कधी दिसायचाच नाही. तो कठड्याखाली, पायरीच्या पुढे आलेल्या कडेखाली, झुडपाच्या मागे दडवलेला असायचा. दिसायची ती वाट. "दिवा दिसता कामा नये, पायरी दिसली पाहिजे." हे माझं दुसरं पाठ झालेलं वाक्य.

मीही ह्यांच्याबरोबर कामाला जाते. चर खणणं, केबल ओढणं, माती परत दाबून बसवणं माझ्याकडे असतं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणंही माझ्याकडे, कारण ह्यांचा राग नाकावर असतो. माझाही असतो, पण मी तो घरी जाईपर्यंत धरून ठेवते.

तर असा हा माणूस, आणि गेल्या वर्षापासून ह्या माणसाला दिसेनासं झालं.

आधी रस्त्यावरच्या दिव्यांभोवती गोल कडी दिसायला लागली. हे म्हणाले, हवेत धूळ फार झालीये. मग पेपरातली अक्षरं पुसट झाली, तर म्हणाले, छपाई बिघडलीये. चहा कपाच्या बाहेर ओतला, तर कपच वेडावाकडा. आणि दिव्यांच्या कंपन्यांना तर इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका. "दुधात पाणी घालतात तसं हल्ली दिव्यात घालतात," म्हणे. नाचता येईना अंगण वाकडं ऐकलं होतं. दिसेना म्हणून दिवे वाकडे, हे मी आमच्याच घरी बघितलं.

मोतिबिंदू हे काही आभाळ कोसळण्यासारखं दुखणं नाही. शेजारच्या दोघींनी काढून घेतले आणि आता सुईत दोरा ओवतात. पण आमच्या घरी डॉक्टर हा शब्द काढला की हे जेवणावरून उठायचे. त्याला कारण होतं आणि ते मला ठाऊक होतं. माझ्या सासऱ्यांचं डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं. नंतर पू झाला आणि डोळा गेला. दुसऱ्या डोळ्याला त्यांनी मरेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही, तोही हळूहळू गेला. खिडकीपाशी खुर्चीत बसून ते दिवसभर विचारत राहायचे, उजाडलं का रे. त्यांना जेवू घालणं, आंघोळ घालणं ह्यांनीच केलं. त्यामुळे भीती मला कळत होती, आणि तिच्यावर माझा राग नव्हता. राग होता तो खोटं बोलण्यावर. स्वतःशी, माझ्याशी आणि बिचाऱ्या दिव्यांच्या कंपन्यांशी.

मला धास्ती एकाच गोष्टीची होती. हे आधी कबूल करतील, की आधी कुणाचं हाड मोडेल. ह्यांचं, नाहीतर ह्यांच्या भरवशावर पाऊल टाकणाऱ्या दुसऱ्या कुणाचं.

अशात ते काम आलं.

बसच्या डेपोत कामाला असलेली एक बाई आमच्या दारात आली. वडील आणि ती, दोघंच घरात. तिने मागच्या दाराला लागून लाकडी फळ्यांचा डेक बांधून घेतला होता, चांगला ऐसपैस, दोन खुर्च्या आणि एक टेबल मावेल असा. डेक जमिनीपासून कमरेइतका उंच. पायऱ्या उतरून खाली परस, आणि परसाच्या टोकाला, भिंतीलगत, सशांचा मोठा पिंजरा. ससे वडलांचे. आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस, निवृत्त झाल्यावर सशांत रमला. गेल्या वर्षी मोरीत पडून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं, आत सळई घातली, आता काठी घेऊन चालत होते.

"ससे तिन्हीसांजेला खातात, आणि माझी पाळी नेमकी संध्याकाळची," ती बाई म्हणाली. "मी आल्यावर घालते म्हटलं तर ऐकत नाहीत. म्हणतात, ते माझी वाट बघतात, तुझी नाही. डॉक्टरांनी सांगितलंय, आता परत पडले तर उठवणं अवघड आहे. मी त्यांना बांधून तर ठेवू शकत नाही. म्हणून म्हटलं, निदान उजेड तरी असू दे."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे मात्र छान हसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही निश्चिंत राहा."

जागा बघायला हे भर दुपारी गेले. परसात फेरी मारली, पावलांनी अंतर मोजलं, सशांवाल्या आजोबांशी दोन शब्द बोलले आणि निघाले. रस्त्यात मी विचारलं, "संध्याकाळी बसायला कधी यायचं?"

"गरज नाही. सरळ काम आहे."

"आजवर एकही काम तुम्ही अंधार बघितल्याशिवाय केलेलं नाहीये."

"मग आता करतोय. तू मला धंदा शिकवणार आहेस का?"

मला तेव्हाच कळलं. बादलीवर बसून दुसऱ्याचं पाऊल बघायचं तर तिन्हीसांजेला स्वतःला दिसावं लागतं. हे बसले असते तर परसात काय चाललंय ते ह्यांना कळलंच नसतं. ते त्यांनाही ठाऊक होतं आणि तेच त्यांना स्वतःला कळू द्यायचं नव्हतं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा काढला. जाड पेनने, लहान पोरं काढतात तेवढ्या मोठ्या रेघांनी. मागच्या दाराच्या वर, छपराखाली एक दांडगा फ्लडलाइट, परसाकडे तोंड करून. पिंजऱ्याच्या वाटेवर दोन खांब, त्यांवर पांढरेफेक दिवे. मी नकाशा उलटसुलट करून बघितला.

"पायऱ्यांचे दिवे कुठायत?"

"वरचा पुरेल. त्याचा उजेड सगळीकडे जातो."

"अहो, हे परस आहे का खेळाचं मैदान?"

"म्हाताऱ्या माणसाला उजेड जास्त लागतो."

"लागतो ना. पण पायाशी. दारावरचा दिवा उतरताना त्यांच्या पाठीवर पडणार, म्हणजे त्यांचीच सावली पायऱ्यांवर. आणि येताना थेट डोळ्यांत. हे तुम्हीच मला शिकवलंय."

ह्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "तुला काय कळतं," म्हणाले.

दुसरं काही म्हणाले असते तर मी भांडले असते. पण कामाच्या बाबतीत हे शब्द ह्यांनी मला कधी म्हटले नव्हते. मी ताटं वाढली आणि बोलले नाही. आमच्या घरी मी बोलत नाही म्हणजे प्रकरण गंभीर असतं. तरी हे जेवून झोपले.

कामाच्या दिवशी मी सकाळपासून ह्यांच्या हातांकडे बघत होते. खरं सांगायचं तर हात अजून हुशार होते. चरात पाइप बसवणं, त्यातून केबल घालणं, भिंतीत भोक पाडणं, स्क्रू पिळणं, सगळं बोटांना पाठ होतं. शिडीवर चढले तेव्हा मी दोन्ही हातांनी शिडी धरून उभी होते आणि ह्यांचा पाय प्रत्येक दांडीवर आधी चाचपून मग भार टाकतोय ते बघत होते. आजोबा डेकवर खुर्ची टाकून बसले होते. काठी दोन गुडघ्यांच्या मध्ये, हनुवटी काठीच्या मुठीवर. सगळं बघत होते. डेकच्या पायऱ्यांना एका बाजूलाच कठडा होता, आणि दुसऱ्या बाजूला, पायऱ्यांशेजारी, डेकची कड मोकळीच होती. सुतार उद्या येतो, उद्या येतो करत गायब झाला होता. मी तिथे एक खुर्ची आडवी घातली. आजोबांनी ती काठीने बाजूला सारली. "मला दिसतंय कड कुठे आहे ती," म्हणाले.

ट्रान्सफॉर्मरची पेटी भिंतीला ठोकून झाली. घरातला मेन स्विच मी स्वतः बंद केला होता. आता पेटीत वायरी जोडायच्या. ह्यात हिरवी वायर पेटीच्या पत्र्याला लावतात, ती जमिनीत जाते, म्हणजे कधी बिघाड झाला तर करंट माणसातून न जाता जमिनीत जातो. ते एवढं साधं आहे की मलाही येतं. हे छपराच्या सावलीत उभे होते. दोन बोटांत वायर धरली आणि पत्र्याच्या स्क्रूकडे नेली.

"ती निळी," मी हळूच म्हटलं.

"दिसतंय मला."

पण हात थांबला. ह्यांनी दोन्ही वायरी तळहातावर घेतल्या, तोंडाजवळ आणल्या, मान तिरकी केली. निळी कोणती आणि हिरवी कोणती, ह्यांना कळत नव्हतं. आयुष्यभर वायरी जोडणाऱ्या माणसाला. मागून आजोबांचा आवाज आला, "उन्हात घ्या हो मिस्त्री. सावलीत मलाही रंग कळत नाहीत."

हे वळले नाहीत. हात मागे करून मला म्हणाले, "हिरवी दे." मी ती ह्यांच्या बोटांत दिली. जोडून झाल्यावर मी टेस्टर आणि मीटर घेतला आणि ह्यांच्या समोर प्रत्येक जोड परत तपासला. एरवी ह्यांच्या जोडाला मी नुसता हात लावला असता तरी घर डोक्यावर घेतलं असतं. त्या दिवशी नुसते उभे राहिले. मला त्यांच्या रागाची कधी भीती वाटली नाही, त्या उभं राहण्याची वाटली.

डेपोतली ताई पाळीला निघाली तेव्हा म्हणाली, "मी मधल्या सुट्टीत फोन करते. कसे दिसतात ते सांगा." फाटकापर्यंत जाऊन एकदा मागे वळून वडलांकडे बघितलं आणि गेली. आम्ही तिघं उरलो, आणि अंधार पडायची वाट बघत बसलो. मी मनात सारखी वाक्यं जुळवत होते. गिऱ्हाइकाच्या देखत नवऱ्याचं काम चुकलंय म्हणायचं, तेही ज्याची उभी हयात कामाच्या नावावर गेली त्याचं. म्हटलं तर ह्यांची मान खाली, नाही म्हटलं तर आजोबांचा पाय. असं असताना मूग गिळून बसणं मला जमणार नव्हतं, पण तोंडही उघडत नव्हतं.

"आजोबा, आजच्या दिवस सशांना मी घालते," मी म्हटलं.

"मग दिवे कशाला लावले?" आजोबांनी विचारलं.

ह्यांनी बटण दाबलं. परस पांढरंफेक झालं. भिंतीवरची शेवाळाची रेघ, सशांचे कान, गवताची पात न् पात. हे डेकच्या मधोमध उभे राहिले आणि सगळीकडे मान फिरवून बघायला लागले. कित्येक महिन्यांत मी ह्यांचा चेहरा तसा बघितला नव्हता. माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, आणि म्हणाले, "तुझ्या कपाळाला माती लागलीये." तेव्हा मला कळलं. ह्या माणसाने परस आजोबांसाठी उजळलंच नव्हतं. ह्यांना दिसायला जेवढा उजेड लागत होता, तेवढा सगळा ह्यांनी तिथे लावला होता.

आजोबा पाल्याची टोपली कोपरात अडकवून उठले. मी मागोमाग निघाले तर काठी आडवी केली. "मागे नको येऊस. तू मागे असलीस की मी पडणार आहे असं वाटतं." मी पायऱ्यांच्या वरच थांबले. ते उतरायला लागले आणि मी म्हटलं होतं तसंच झालं. त्यांची सावली त्यांच्या पुढे पायऱ्यांवर पसरली, काळीकुट्ट. काठीने ठोकत, पाय हवेत धरून, एक-एक पायरी शोधत ते उतरले. मी श्वास सोडला तेव्हा ते पिंजऱ्यापाशी पोचले होते. हे म्हणाले, "बघितलंस? काही झालं का?"

सशांचं खाऊन झालं. आजोबा वळले, आणि फ्लडलाइट त्यांच्या तोंडावर आला.

त्यांनी हात कपाळावर धरला. ते दोन पावलं आले, थांबले, पुन्हा आले. एक हात डोळ्यांवर, एका हातात काठी, म्हणजे कठडा धरायला हातच शिल्लक नव्हता. आणि पायऱ्यांची परसाकडची बाजू तर पूर्ण अंधारात. हट्टी माणूस, आपल्याला दिसत नाहीये हे म्हणायला तयार नाही. आमच्याच घरातल्यासारखा दुसरा नमुना, असं माझ्या मनात आलं. त्यांचा बूट पहिल्या पायरीवर आपटला. काठी घसरली आणि ते एका पायावर डुलले.

"अहो, बंद करा तो," मी म्हटलं.

"बंद काय करा? उलट खांबावर अजून एक..."

मी पुढचं ऐकलं नाही. दाराशी जाऊन बटण दाबलं आणि सगळं एकदम विझवलं.

अंधार पूर्ण पडला नव्हता. आभाळात अजून फिकट उजेड होता. क्षणभर कुणालाच काही दिसलं नाही. मग आजोबा खालून शांतपणे म्हणाले, "हां. आता दिसतायत पायऱ्या."

पण ह्यांना काय दिसत होतं? ह्यांच्यापुढे काळोख होता, आणि त्या काळोखात खुबा मोडलेला एक म्हातारा पायऱ्यांवर एकटा होता. "कुणी बंद केलं? पडतील ना ते," असं म्हणत हे धावले. आजोबांना धरायला धावले, हे मी कुणालाही सांगीन. पण पायऱ्या उजव्या हाताला होत्या आणि हे चालले होते डावीकडे, कठडा नसलेल्या कडेकडे. मी दाराशी होते. तशीच ह्यांच्यामागे धावले.

"मिस्त्री, थांबा." आजोबांचा आवाज चढला नव्हता. यंत्राच्या खडखडाटात कामगाराला थांबवायची सवय असलेला तो आवाज होता. हे जागच्या जागी थांबले.

"काय झालं?"

"तुमच्या पुढे फळी नाहीये."

ह्यांनी हळूच एक पाय पुढे सरकवला. बुटाचा पुढचा भाग कडेच्या बाहेर गेला, खाली वर झाला, त्याला काहीच लागलं नाही. पाय मागे घेतला. दोन्ही हात पुढे करून कुठे काही हाताला लागतंय का ते बघितलं. लागलं नाही. मी कधी पोचले ते मला आठवत नाही, पण ह्यांचा शर्ट मागून माझ्या दोन्ही मुठींत होता.

"मला दिसत नाही," हे म्हणाले. सांगितलं ते मला नाही, आजोबांना.

"माहितीये," आजोबा म्हणाले. "सकाळपासून माहितीये."

मग मी बोलले. वर्षभर नाकावर धरून ठेवलेला राग तिथे, परक्याच्या डेकवर, निघाला. धुळीबद्दल बोलले, छपाईबद्दल बोलले, वाकड्या कपाबद्दल बोलले. तुम्ही पडला असतात तर मी काय करणार होते, असं विचारलं. आजोबा पडले असते तर त्या पोरीला काय तोंड दाखवणार होतात, असंही विचारलं. बोलता बोलता रडायला लागले, आणि रडताना शर्ट मात्र सोडला नाही. हे सगळं ऐकून घेत उभे होते. तोवर आजोबा कठडा धरून, त्या उरल्यासुरल्या उजेडात, स्वतःचे स्वतः वर येऊन खुर्चीत बसलेसुद्धा.

आम्हीही बसलो. ह्यांनी आजोबांना विचारलं, "तुम्हाला ऑपरेशनची भीती वाटली होती?"

"वाटली तर. सही करताना हात थरथरत होता. लेकीला सांगितलं, थंडीने."

ह्यांनी मग सासऱ्यांचं सगळं सांगितलं. उजाडलं का रे, हेसुद्धा. इतक्या वर्षांत मी ते ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. काही होत नाही हो, हल्ली सगळं सोपं झालंय, असं मी हज्जारदा म्हटलं होतं. आजोबा तसलं काही म्हणाले नाहीत.

"तुमच्या वडलांचं वाईट झालं," ते म्हणाले. "तुमचंही होऊ शकतं. होणार नाही असं मी कोण सांगणारा? पण मघाशी तुम्ही जिथे उभे होतात, तिथे पुढे काहीच नव्हतं. ते मी बघितलंय."

फोन वाजला. डेपोतली ताई. मी उचलणार तोच ह्यांनी हात पुढे केला.

"ताई, दिवे चुकीचे लागलेत," हे म्हणाले. "चूक माझी आहे. आजोबा बरे आहेत, वर बसलेत. मी परत लावून देतो, पण तोवर त्यांना एकट्याला खाली पाठवू नका." पलीकडून काहीतरी विचारलं असावं. "कारण मला नीट दिसत नाही. ते आधी सांगायला हवं होतं."

धंद्यातल्या माणसाला हे म्हणायला काय लागतं, ते धंद्यातल्या माणसालाच कळतं. फोन ठेवला तेव्हा ह्यांचा चेहरा घामाने भिजला होता. मी पदराने पुसला. एरवी चारचौघांत हात झटकला असता, तेव्हा झटकला नाही.

फ्लडलाइट दुसऱ्याच दिवशी उतरवला. पायऱ्यांच्या कडेखाली पिवळसर उजेडाच्या पट्ट्या बसवल्या, वाटेवरच्या दिव्यांना टोप्या घालून तोंडं जमिनीकडे केली. आजोबा चालायचे, मी बघायचे आणि सांगायचे, हे हातांनी बसवायचे. इथे अडखळतात का? अडखळतात. इथे? इथे नाही. माझं ऐकून दिवा चार बोटं सरकवताना हे एकदाही काही म्हणाले नाहीत. मीच दोनदा चुकीचं सांगितलं, तेही मुकाट्याने परत काढून लावलं. सुतारालाही हाताला धरून आणला आणि कठडा पुरा करून घेतला. मगच ताईला बोलावून सगळं दाखवलं.

आणि मग डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. बाकावर बसलो असताना हे दोनदा उठले. एकदा पाणी प्यायला, एकदा उगीचच. दोन्ही वेळेला परत आले. दर वेळी मला वाटत होतं की आता हे थेट रस्त्यावर जातील. आमचा नंबर लागला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी यंत्रातून दोन्ही डोळे बघितले, खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, "कधीपासून कमी दिसतंय?"

मी ह्यांच्याकडे बघितलं. आता धूळ येईल, छपाई येईल, कंपन्या येतील, असं वाटलं.

"हिला विचारा," हे म्हणाले. "मला ते बघायचंच नव्हतं. हिने सगळं बघितलंय."

ह्यांचा हात टेबलावर काहीतरी शोधत होता. मी माझा हात त्याखाली सरकवला आणि डॉक्टरीणबाईंना सुरुवातीपासून सांगायला लागले.